विंगेतून ऐकलेलं शहर

पहिल्या अंकात मेलेला राजा तिसऱ्या अंकात भाषण ठोकायला परत आला, असं ऐतिहासिक नाटक तुम्ही कधी पाहिलं आहे का? आम्ही ते केलं आहे. धारगळच्या आत, हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर जेमतेम ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचा गाव. देवळाच्या जत्रेला तिथे दरवर्षी मराठी नाटक होतं. त्या वर्षी राजा होता तुकाराम वायरमन. तुकारामाचं पाठांतर आमच्या गावच्या विजेसारखं, कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. आवाज मात्र असा की पेडण्याच्या बाजारात बोलला तर म्हशी वळून बघतील. त्यामुळे तो विंगेतून जे काही येईल ते श्रद्धेने उचलायचा आणि प्रेक्षकांवर फेकायचा.

विंगेत बसायचे यशवंतभाई परब. आमचे प्रॉम्टर. नट शब्द विसरला की पडद्याआडून हळूच तो पुरवायचा, हे त्यांचं काम. पहिला अंक संपत आला असताना भाईंच्या घशात चिलट गेलं. ते खोकले. तुकारामही खोकला, छातीवर हात ठेवून. समोर मी उभा, दुष्ट प्रधान. मला वाटलं, तालमीला मी नव्हतो त्या दिवशी काही बदल केला असेल. म्हणून मीही अदबीने खोकलो. राणीचं काम करणारी नटी डिचोलीहून आणलेली, मुरलेली बाई. ती किंचाळली, "महाराज! घात झाला! कोणी विष दिलं तुम्हाला?" आता राजा काय करणार? त्याने विंगेकडे पाहिलं. विंगेतून पुन्हा खोकला. राजा मेला. पुढे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तिसऱ्या अंकात तोच राजा उठून दरबारात आला तेव्हा एकानेही हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात एवढंच ऐकू आलं, "राजा मेलो आणि परत इलो. रवळनाथाची कृपा!"

भाई मात्र खजील. मला म्हणाले, "खोकलो माझो, आणि मरण बिचाऱ्या तुकारामाचा."

नाटकाच्या हस्तपत्रकावर आम्ही सगळ्यांची नावं छापतो, पडदा ओढणाऱ्याचंही. भाईंनी आपलं नाव कधी छापू दिलं नाही. "ज्याका कोणी ऐकूक जायचो नाय, त्याचा नाव वाचून काय करतलात?" असं विचारायचे. उंच, सडसडीत माणूस. वर्षानुवर्षं विंगेतल्या स्टुलावर वाकून बसल्यामुळे मान पुढे आलेली, बगळ्यासारखी. आवाज इतका हळू की मासळीवालीला बांगड्याचा भाव विचारताना तिला वाटायचं, हे काहीतरी गुपित सांगताहेत. ती पण कानाशी येऊन भाव सांगायची. बाकीची गिऱ्हाइकं संशयाने बघायची.

डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात ते टायपिस्ट होते. सगळा जन्म इंग्रजी पत्रं टाइप करण्यात गेला, त्यामुळे इंग्रजी त्यांना येत होतं ते बोटांनी. कोणी इंग्रजी बोलू लागलं की भाईंची बोटं मांडीवर हलू लागत. आधी बोटांना कळायचं, मग त्यांना.

प्रॉम्टिंगचा त्यांचा एक कायदा होता: पहिला शब्द द्यायचा, पुढचा नाही. "अख्खा वाक्य दिलास तर नट लंगडो जाता." आणि दुसरी गोष्ट, ते नटाचे शब्द ऐकतच नसत. श्वास ऐकत. "माणूस आधी श्वास चुकता, मागीर शब्द. श्वास चुकलो की मी तयार." मी रंगमंचावर कितीदा तरी नुसता दम घ्यायला थांबलो आहे आणि विंगेतून काहीच आलेलं नाही. आणि कितीदा तरी, मी विसरलोय हे मला कळायच्या आत शब्द आलेला आहे.

ही सवय त्यांना नाटकाबाहेरही सोडत नसे. कोणी बोलताना अडला की भाईंच्या तोंडून शब्द निसटायचा. एकदा ग्रामसभेत सरपंच आमच्या वाड्यावरचा रस्ता जाहीर करायला उठले. "हा रस्ता आम्ही याच वर्षी करणार आहोत..." म्हणाले आणि पुढचं काही सुचेना. मागच्या रांगेतून हळूच आलं, "परंतु..." सरपंचांना धीर आला. "परंतु," ते म्हणाले, आणि त्या परंतुपुढे इतके सुरेख बोलत गेले की रस्ता आजतागायत झालेला नाही. त्यानंतर वाड्यावरची सायकल पंक्चर झाली की लोक भाईंच्या नावाने बोटं मोडत.

घरी त्यांची बायको, आमची काकी, मोठ्या आवाजाची. घरात शब्दांचा तुटवडा असा तिने होऊच दिला नाही. एकुलती मुलगी मंगल. पणजीला शिकली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर शिकागोला गेली. दरवर्षी फोनवर एकच धोशा: "बाबा, आई, इकडे या." व्हिसासुद्धा तिने दोघांचा काढून ठेवला होता, बरीच वर्षं चालणारा. भाई दरवर्षी म्हणत, "अगो, जत्रा इली. मी थंय गेलंय तर तुकारामाक कोण मारतलो?" काकी म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. मग काकीच गेली. एका सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून पाव घ्यायला बाहेर आली, पाव घेतले, आत ठेवले आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

त्यानंतर त्या घरात आवाज राहिला नाही. भाईंचा आवाज म्हणजे काही घर भरण्यासारखा आवाज नव्हे.

डोळे कधीपासून जात होते ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. काचबिंदू. जुनी नाटकं त्यांना पाठच होती, त्यामुळे समोर पुस्तक असलं काय आणि नसलं काय, आम्हाला कळण्याचा प्रश्न नव्हता. मग एका वर्षी तरुण पोरांनी हट्टाने नवीन नाटक घेतलं. तालमीत दुसऱ्या अंकात मी अडलो. थांबलो. विंगेतून काही येईना. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मी वळून पाहिलं तर भाई पुस्तक नाकाला टेकवून एकेक ओळ बोटाने चाचपत होते. भाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पोरांनो, उजेड कमी पडता रे हय."

हॉलमध्ये लख्ख ट्यूबलाइट होती. तुकाराम वायरमन उठला. स्टूल घेतलं, गाडीतून दुसरी ट्यूब आणली, भाईंच्या डोक्यावर बांधली, चालू केली. "आता?" म्हणाला. भाई म्हणाले, "आता बरा." आणि दुसऱ्या दिवसापासून तालमीला आले नाहीत.

मंगलने फोनवर आकाशपाताळ एक केलं. आता तर या, आता तिथे काय आहे तुमचं? भाई म्हणाले, "गो बाय, हय निदान सोपो म्हायत आसा, बावडी म्हायत आसा, शांताबायचो कोंबो म्हायत आसा. थंय येऊन कोपऱ्यात गोणीसारखो बसान. तू कामाक जातली, जावई कामाक जातलो. आंधळ्या गोणीक कोण सांभाळतलो?" सोपो म्हणजे आमच्याकडे घराच्या पुढे बसायला बांधलेला ओटा. भाईंचा दिवस आता तिथेच उगवायचा आणि तिथेच मावळायचा. शेजारची शांताबाय, विधवा, जिभेने तिखट, दुपारी हुमण-भात, म्हणजे माशाचं कालवण आणि भात, आणून द्यायची. संध्याकाळी डिचोलीहून ऑफिस सुटलं की वाटेत मी डोकावायचो. एवढीच माणसं.

मे महिन्यात मंगल आली. एकटीच. जावयाला सुट्टी मिळाली नाही म्हणाली. जाताना तिने बापासाठी एक छोटा स्पीकर ठेवला, पावाच्या आकाराचा. त्याच्या बटनावर आपल्या कपाळाची टिकली चिकटवली. "बाबा, इथे बोट लागलं की दाबायचं. माणूस बोलायला लागेल." भाईंना वाटलं, नाटक असेल. निघालं भलतंच. तिच्या शहरातला कोणी एक कवी, त्याच शहरावरच्या स्वतःच्या कविता स्वतःच वाचून दाखवत होता. अख्खं पुस्तक, आवाजात. "मी गाडीतून कामावर जाताना रोज हेच ऐकते," मंगल म्हणाली. "तुम्ही पण ऐका. मी कुठे राहते ते तरी कळेल."

ती गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी गेलो तर भाई सोप्याच्या अगदी कडेला येऊन, मान स्पीकरपर्यंत लांबवून बसलेले. कपाळावर घाम. स्पीकरमधून एक जाड, खर्जातला आवाज येत होता. तीन-चार शब्द बोलायचा, थांबायचा. दोन शब्द बोलायचा, पुन्हा थांबायचा. प्रत्येक थांब्याला भाईंचे ओठ थरथरत आणि मांडीवरची बोटं ताठ होत.

"भाई, बरं वाटत नाही का?"

"माका काय धाड भरल्या? ह्या माणसाक बघ!" त्यांनी स्पीकरकडे हात केला. "विसरता रे तो! दर ओळीक विसरता! आणि त्याच्या विंगेत कोणी नाय!"

मी त्यांना समजावलं. आधुनिक कविता म्हणतात हिला. ओळी तोडूनच लिहितात. एखाद्या ओळीत एकच शब्द असतो. तो विसरत नाही, मुद्दाम थांबतो. भाईंनी ते सगळं एखाद्या लबाड नटाची सबब ऐकावी तसं ऐकून घेतलं. "समोर छापलेला आसताना कोण थांबता? सांग माका. तूच सांग. तू खलनायक. तू थांबशील?" मी म्हणालो, मी छापलेलं नसतानाही थांबत नाही. "मग?"

आणि त्यांनी त्या माणसाला प्रॉम्टिंग सुरू केलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पेडणे तालुक्यातल्या एका सोप्यावर बसून, समुद्रापलीकडच्या कवीला, इंग्रजीत, कुजबुजत. पहिले काही दिवस अंदाजाने. कवी म्हणायचा, रस्ता... भाई म्हणायचे, ओला. कवी म्हणायचा, रिकामा. भाई चडफडायचे. पण पुस्तक पुन्हा पुन्हा फिरत होतं. महिन्याभरात भाईंना सगळं पाठ झालं. मग काय थाट! कवी थांबला रे थांबला की सोप्यावरून नेमका शब्द जायचा, आणि लगोलग तो कवी आज्ञाधारकपणे तोच शब्द उच्चारायचा. भाईंचा चेहरा खुलायचा. "बघ, आता सुधारलो. पयलो तर ह्याका काही येय नव्हता."

शांताबाय हे सगळं भात वाढता वाढता बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही. "भाई, हो गोरो दिसभर सांगता तरी काय?"

भाईंनी सांगायला घेतलं, आणि तेव्हा मला कळलं की ते नुसते शब्द पुरवत नव्हते, ऐकतही होते. म्हणाले, एक माणूस आहे. त्याच्या खोलीत कपडे धुवायचं मशीन नाही. मग तो पिशवीत कपडे भरून एका दुकानात जातो. तिथे ओळीने मशिनं. त्यात कपडे टाकतो आणि समोरच्या बाकावर बसून आपलाच शर्ट गरगर फिरताना बघत राहतो.

"बघीत बसता?" शांताबायने पळी खाली ठेवली. "दुसरा काम नाय त्याका?"

"रविवार आसा."

"मग घरात जावन निजाक काय जाता?"

"घरात कोणी नाय त्याच्या."

शांताबायने पळी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "आणि थंय दुकानात आसत कोणी?"

"आसत. सगळीजणा आपापलो शर्ट बघतत."

"अरे देवा," शांताबाय म्हणाली, आणि भाईंच्या पानात न विचारता आणखी हुमण वाढलं.

त्या दिवसापासून तिची त्या शहराशी ओळख झाली. वाड्यावरच्या माणसांची चौकशी करावी तशी चौकशी. "ती बाई कशी आसा, खिडकीभायल्या लोखंडी जिन्यार डब्यात रोप लावलेली?" भाई सांगत, रोप सुकलं. "उदक घालूक जाय नाय काय गो तिणे!" लिफ्टमध्ये रोज भेटणारी दोन माणसं, जी एकमेकांकडे न बघता दारावरचे आकडे बघत राहतात, त्यांचा तिला भयंकर राग. "एकान तरी विचारूचा, जेवलास काय म्हणान. तोंड झिजता?" भाई म्हणत, "कविता आसा ती, शांताबाय." ती म्हणे, "आसूं. माणसाच मरे तीं."

श्रावण सरत आला असेल. एका संध्याकाळी मी गेलो तर कवी बोलत होता आणि भाई गप्प. तो थांबत होता, भाई काही पुरवत नव्हते. हाताची घडी घालून, मान आत घेऊन बसले होते. मी विचारलं, आज प्रॉम्टरला रजा?

"सुहासा," भाई म्हणाले, "चुकी झाली माझी. हो माणूस विसरणा नाय."

"मी सांगत नव्हतो?"

"तू सांगत होतंस तेंय चूक. तू म्हणालंस मुद्दाम थांबता. मुद्दाम थांबणाऱ्याचो श्वास वेगळो." त्यांनी तो स्पीकर हातात घेतला, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. "हो थांबता आणि ऐकता. कोण बोलता काय म्हणान. कोण बोलणा नाय, मागीर मुकाट फुडे जाता."

मग टिकलीवर बोट दाबून त्यांनी कवीला बंद केलं. मीही माझं नेहमीचं चऱ्हाट लावलं नाही, हे माझ्या ओळखीच्यांना पटायचं नाही, पण खरं आहे. रस्त्यावरून कोणीतरी गुरं घेऊन गेलं. शेवटी भाई म्हणाले, "मंगल असोच श्वास घेता रे. हल्ली. फोनार."

मंगलचा फोन रविवारी यायचा, आपल्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे सकाळ. त्या रविवारी मला भाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं, फोन मोठ्या आवाजावर लावून द्यायला. शांताबाय होतीच, नारळ किसायला विळी घेऊन सोप्याच्या खालच्या पायरीवर. बोलणं नेहमीचं चाललं होतं. मंगल: औषध घालता ना डोळ्यांत? भाई: घालतंय. मंगल: शांतामावशी कशा आहेत? शांताबाय खालूनच ओरडली, जित्ती आसा! मंगल हसली. भाईंनी जावयाचं विचारलं, प्रसाद कसा आहे? मंगल म्हणाली, बरा आहे, कामात आहे. मग म्हणाली, "बाबा, मी..."

आणि थांबली.

मी नाटकवाला आहे. मला ते थांबणं कळलं नाही. फोन कट झाला वाटून मी हात पुढे केला. भाईंनी माझा हात धरून खाली ठेवला. ते पुढे वाकले. मान लांब केली, विंगेत करायचे तशी. आणि त्यांच्या त्या जन्मभराच्या कुजबुजत्या आवाजात एकच शब्द दिला.

"एकटी..."

शांताबायची विळी थांबली. मग मंगलचा आवाज आला, अगदी सरळ, पाठ केलेलं म्हणावं तसा.

"एकटी राहते, बाबा. गेल्या गणपतीपासून. प्रसाद दुसरीकडे राहतो. आता परत येणार नाही तो."

भाईंनी पुढचं काही पुरवलं नाही. तिचं तीच बोलत गेली. एका खोलीत राहते. नोकरी आहे, तशी काळजी नाही. मे महिन्यात सांगणार होते, पण तुमचे डोळे बघितले आणि जमलं नाही. "तुम्ही तिथे एकटे, मी इथे एकटी. दोघांनी एकमेकांना सांगून काय करायचं होतं, बाबा?"

"सांगूचा," भाई म्हणाले. एवढंच. मग जरा थांबून, "मी येतंय."

"काहीतरीच काय! तुम्हाला दिसत नाही. इथे जिने आहेत, थंडी आहे, मी दिवसभर बाहेर असते. तुम्ही इथे येऊन बघणार काय?"

"मी काय शहर बघूक येतंय? मी बसाक येतंय," भाई म्हणाले. "तू कामावरसून येतली तेव्हा घरात कोण तरी बसलेलो आसूचो. बस्स. तेवढा माका जमता."

मंगल रडू लागली. ते ऐकून शांताबाय विळीवरून उठली आणि फोनच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "रडू नको गो चेडवा! हांव ह्यांका धाडतंय. नाय गेले तर ढकलून धाडतंय!"

पुढचे काही आठवडे आमच्या वाड्यावर नाटकाच्या तालमीपेक्षा जास्त धावपळ. काकीच्या वेळचा व्हिसा अजून जिवंत निघाला. तुकारामाने घरातल्या सगळ्या वायरी तपासून मेन स्विच काढून ठेवला आणि भाईंसाठी, कोणी मागितलेलं नसताना, कपाळावर बांधायची बॅटरी आणली. भाई म्हणाले, "तुकारामा, माका दिसणाच नाय, तर हिचो उपेग काय?" तुकाराम म्हणाला, "तुमका नाय. फुडल्याक दिसतलात तुमी." शांताबायने आमसुलं, नाचणीचं पीठ, भाजलेला मसाला, कुळीथ अशी एक पिशवी भरली की ती उचलायला दोन माणसं लागावीत. निघायच्या आदल्या दिवशी तिने त्यात वर आणखी एक पुडी सारली.

"आता हें काय?" भाईंनी चाचपून विचारलं.

"लाडू. त्या कपडे धुणाऱ्याक."

"अगो शांताबाय, तो कवितेतलो!"

"आसूं," शांताबाय म्हणाली. "आसतलो मरे खंय तरी."

भाई यावर हसले नाहीत. पुडी त्यांनी पिशवीत नीट दाबून बसवली.

मोप्याचा विमानतळ आमच्याच तालुक्यात, गाडीने हाकेच्या अंतरावर. ज्या पठारावर आम्ही लहानपणी काजू गोळा करायला जायचो, तिथे आता काचेचे दरवाजे आपोआप उघडतात. सकाळची वेळ होती. वाटेत भाई खिडकी उघडी ठेवून बसले आणि मला विचारत राहिले, आता धारगळ गेलं का, आता चढ लागला का. त्यांना सगळं कळत होतं; उगीच विचारत होते. दारात आम्ही मिठी वगैरे मारली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. ते म्हणाले, "यंदा नाटक खंयचा घेतलंत?" मी म्हणालो, अजून ठरलं नाही. "पाठ करून ठेव," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

आत फक्त तिकीटवाल्यालाच सोडतात. विमान कंपनीची एक मुलगी चाकाची खुर्ची घेऊन आली. बोलण्यावरून सावंतवाडीकडची असावी. "आजोबा, बसा हय," म्हणाली. भाईंनी खुर्ची हाताने चाचपली, दांडा कुठे, चाक कुठे ते पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. तिने आधी मान हलवली, नाही म्हणून. मग हसली. दरवाजा मिटला.

काचेतून मी बघत होतो. खुर्चीत शांताबायची पिशवी बसली होती, ऐटीत, पट्टा बांधून. भाई खुर्चीचे दोन्ही दांडे धरून तिला ढकलत चालले होते. मुलगी बाजूने एका हाताने दिशा देत होती. पाय जरा अडखळत होते, पण ते थांबत नव्हते, आणि बगळ्यासारखी ती मान पुढे काढून मुलीला सारखं काहीतरी सांगत होते. मुलगी मधूनच विचारत होती. पुढे लोकांची रांग होती. त्यातल्या कोणीतरी बाजूला होऊन वाट दिली. भाई, खुर्ची, पिशवी आणि ती मुलगी, असे चौघे वळले आणि गेले.

मी तिथे जरा वेळ उभा राहिलो. मग शांताबायला फोन करून सांगितलं, गेले. ती म्हणाली, "बसून गेले काय चलत?"

"चलत," मी म्हणालो.

"बरा झाला," ती म्हणाली, आणि फोन न ठेवता तशीच राहिली.

मी पण नाही ठेवला.